मेंढीकोटचा अंतरपाट

दूधविनायक मोहल्ल्याच्या गणेशोत्सवात पत्त्यांच्या मेंढीकोटची स्पर्धा दरवर्षी घुले नवरा-बायकोच जिंकायचे, आणि दरवर्षी मागून कुणीतरी पुटपुटायचं, "सब सेटिंग है."

यंदा कालिंदीकाकू घुल्यांनी आयोजनच अंगावर घेतलं. "पुटपुटता कशाला? हे घ्या!" म्हणत त्यांनी फायनलच्या टेबलावर, जोडीदारांच्या मधोमध, नवऱ्याचा, म्हणजे बाळभटजींचा, लग्नं लावायचा अंतरपाट दोरीवर टांगला. खालून टाकलेली पानं दिसत, जोडीदाराचं तोंड नाही.

बाळभटजी भडकले. "माझ्यावर संशय?"

"तुमच्यावर नाही, आपल्यावर."

शेवटच्या डावापर्यंत बरोबरी होती. आता इस्पिकचं दहाचं पान ज्या जोडीकडे जाईल, ती जिंकणार. काकूंनी बदामाच्या पानाला हात घातला, तेवढ्यात पडद्यापलीकडून भटजी खोकले. काकूंचा हात इस्पिकाकडे वळला आणि तिथेच थांबला.

त्यांनी सगळी पानं टेबलावर टाकली. "आम्ही हरलो."

"अगं, खरंच घसा खवखवला! देवाशप्पथ!"

"ठाऊक आहे मला," काकू अंतरपाट सोडवत म्हणाल्या. "पण मला पान कळलं ना."