एका पाहुण्यासाठी दोन गाड्या

१७ फेब्रुवारी १९८१, मंगळवार, सकाळचे अकरा वाजून पंचवीस मिनिटे. बेळगावच्या विमानतळाबाहेर मी उभी होते आणि ज्या प्राध्यापकांना तिथून गोव्यातल्या समुद्रकाठच्या हॉटेलात नेण्यासाठी मी कोल्हापुराहून आले होते, ते प्राध्यापक तिथे नव्हते. ही वस्तुस्थिती आरंभीच नोंदवली नाही तर पुढचे विधान अतिशयोक्त वाटण्याचा संभव आहे. ते विधान असे: प्रवासाला इतका भिणारा आणि तरीही दुसऱ्यांच्या प्रवासाचा भार इतक्या हौसेने अंगावर घेणारा माणूस आमच्या काकांखेरीज पृथ्वीच्या पाठीवर झालेला नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे शाळासोबती. पेशाने चित्रकलाशिक्षक. त्यांच्यापाशी मोटार नव्हती, स्कूटर नव्हती, सायकलसुद्धा नव्हती. तिला दोनच चाके असतात, ही त्यांची सायकलीविरुद्धची तक्रार. तरीही आमच्या पेठेतून लग्नाला, दवाखान्याला किंवा देवदर्शनाला जाणारी भाड्याची गाडी काकांनी ठरवल्याशिवाय जागची हलत नसे. लोक त्यांच्याकडे का येत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझा निष्कर्ष असा, की काळजी करणे हे कष्टाचे काम आहे आणि काका ते सर्वांच्या वतीने, एकही पैसा न घेता करीत. त्यांच्या भीतीचे मूळ एखाद्या जुन्या अपघातात असावे असे गृहीत धरून मी घरात चौकशीही केली होती. अपघात सापडला नाही. कारणावाचून कार्य घडते याचा एवढा एकच पुरावा आजवर माझ्या पाहण्यात आला.

ड्रायव्हर निवडण्याची त्यांची रीत स्वतंत्र होती. उमेदवाराला ते मैदानावर नेत आणि गाडी उलटी चालवून दाखवायला लावीत. "पुढं काय, कुणीबी चालवतंय," ते म्हणत. "घाटात समोरनं ट्रक आला म्हंजे मागं सरायला येतंय का, ते बघाय पायजे." यानंतर तोंडी परीक्षा. रात्री काय जेवला, झोप किती झाली, घरी सगळे ठीक आहे ना. एका भल्या ड्रायव्हरची बायको माहेरी आहे असे कळताच काकांनी कपाळाला हात लावला.

"भांडून गेली व्हय?"

"न्हाय ओ गुरुजी, बाळंतपणाला गेलीया."

"मग तर न्हाईच! तुझं ध्यान समदं तिकडं. तू जा बाबा, पोरगं झालं की पेढं घिऊन ये, मग बघू."

गाडीत ते नेहमी ड्रायव्हरशेजारी बसत आणि ज्या ठिकाणी ब्रेक असायला हवा होता असे त्यांना वाटे, त्या ठिकाणी सारा वेळ पाय दाबून धरीत. दस्तगीर नावाचा त्यांचा आवडता ड्रायव्हर होता. त्याच्या अँबॅसॅडरमधली डावीकडची रबरी चटई नेमकी तेवढीच झिजली होती. वेगाचा काटा पंचेचाळीसच्या पुढे सरकला की काका समोरच्या पत्र्यावर चापट मारीत आणि दस्तगीर, सवयीने, न बोलता पाय उचले. पाण्याचे डबे, दोरखंड, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे, हे सारे डिकीत असेच. शिवाय प्रवाशांसाठी ते स्वहस्ते रस्त्याचा नकाशा काढीत. त्यात गावे कमी आणि वळणे फार; प्रत्येक धोक्याच्या वळणावर सुबक रंगवलेली दरी. तो नकाशा पाहून एका वृद्ध दांपत्याने गोकर्णाचा बेतच रद्द केला होता.

पण काकांची खरी निर्मिती म्हणजे जोडगाडी. एक गाडी ठरवली, की ती बंद पडेल या खात्रीने ते दुसरी ठरवीत आणि ती पहिलीच्या मागे रिकामी धावे. माझ्या आतेबहिणीच्या लग्नाला आम्ही आजऱ्याला निघालो तेव्हाही ती आमच्यामागे होती. व्याही मंडळींनी रिकामी, धुऊन पुसलेली गाडी दारात उभी राहिलेली पाहिली आणि कोणी फार मोठा पाहुणा मागाहून येणार असे धरून तासभर पंगत खोळंबवून ठेवली. काका स्वतः त्या पंगतीत भुकेले बसले होते. कोण यायचे राहिले आहे, असे तेही शेजाऱ्याला विचारीत होते.

म्हणून या खेपेला मी त्यांना बजावून सांगितले होते. माझी अडचण त्यांना ठाऊक होती. पदार्थविज्ञानाची एम.एस्सी. होऊन मला दोन वर्षे झाली होती. शिरोलीच्या एका फौंड्रीत परवानगी काढून मी ओतीव लोखंड थंड होतानाचे तापमान मोजत असे. थंड होण्याच्या माझ्या आलेखावर पुस्तकात नसलेला एक लहानसा उंचवटा येई आणि तो का येतो हे मला समजून घ्यायचे होते. मुंबईच्या या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत संशोधनाची एकच जागा होती. मी दोन पत्रे पाठवली. उत्तर आले नाही. मग कळले की गोव्यात समुद्रकाठच्या एका हॉटेलात भरणाऱ्या परिसंवादाला ते येणार आहेत, गोव्याच्या विमानात जागा नसल्याने बेळगावला उतरणार आहेत आणि त्यांना पुढे पोहोचवायला गाडी हवी आहे. आमच्या विभागप्रमुखांनी ते काम माझ्याकडे दिले. "चार-साडेचार तास ते तुझ्या शेजारी बसतील," ते म्हणाले. "त्यानंतर तीन दिवस त्यांच्याभोवती गर्दी असेल. काय ते गाडीत बोल." जागा हुकली तर त्याच फौंड्रीत साच्यांच्या वाळूची परीक्षा करण्याची नोकरी मला देऊ केलेली होतीच. नोकरी वाईट नव्हती. पण त्या नोकरीत उंचवट्याची चौकशी करायला कोणी पगार देणार नव्हते.

"काका, एकच गाडी," मी म्हटले. "मला त्यांच्याशी शांतपणे बोलायचे आहे. मागे वरात नको."

"एकच, बाई, एकच. कोल्हापुरातनं एकच गाडी निघंल."

त्या वाक्यातले 'कोल्हापुरातनं' मी तपासून पाहायला हवे होते.

वडिलांच्या अटीप्रमाणे काका सोबत आले. आम्ही इतक्या लवकर निघालो की विमान उतरायला दोन तास असताना आम्ही विमानतळावर हजर होतो. हातात काकांनी रंगवलेली पाटी होती: प्राध्यापकांचे नाव ठसठशीत, छायेसहित, कोपऱ्यात एक नारळाचे झाड. काकांना मात्र मोकळा वेळ सोसत नसे. पुढे घाट आहे, चाकांचे नट एकदा आवळून घेतले पाहिजेत आणि ते गावातल्या आपल्या ओळखीच्या मिस्त्रीकडूनच, असे त्यांनी ठरवले. मी थांबते म्हटले, तर ते हादरले. "परक्या गावात तुला एकटीला उभी करून जाऊ? आन् तुझ्या बाला काय सांगू?" मी गाडीत बसले. मिस्त्रीने नट आवळले, काकांनी ते पुन्हा सैल करवून पुन्हा आवळून घेतले, मग मिस्त्रीने चहा मागवला, आणि चहा नाकारला तर मिस्त्री मनात धरील व मनात धरलेल्या मिस्त्रीचे नट टिकत नाहीत, म्हणून तो प्यावा लागला. आम्ही परतलो तेव्हा विमान वेळेवर उतरून गेले होते.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने आमच्या पाटीकडे नीट पाहिले. "हे सायेब व्हय? गेले की. तुमचीच मान्सं घिऊन गेली."

"आमची कोण?"

"हीच पाटी व्हती ओ. हेच झाड."

मी काकांकडे वळले. आयुष्यात प्रथमच त्यांचा चेहरा निर्धास्त दिसला. "म्हंजे गडहिंग्लजची गाडी पोचली म्हणायची!" ते आनंदाने म्हणाले. "त्याला सांगून ठेवलंतं, इमान उतरल्यावर आम्ही धा मिनटांत दिसलो न्हाय, तर थांबायचं न्हाय, पावण्याला घ्यायचं आन् सुटायचं. बघ, बघ, उपेग झाला का न्हाय?"

उपयोग झाला होता. व्यवस्था निर्दोषपणे पार पडली होती. फक्त मी व्यवस्थेच्या बाहेर राहिले होते.

आम्ही निघालो. माझे साडेचार तास माझ्या पुढे, दुसऱ्या गाडीत बसून चालले होते. दोन वाहनांचा वेग समान असेल तर त्यांमधले अंतर कमी होत नाही, हे कळायला पदवी लागत नाही. आणि आमचा वेग समानही नव्हता, कारण पंचेचाळीसच्या काट्याला चापट तयार होती. "दस्तगीरभाई, जरा जोरात घ्या ना," मी म्हणाले. चापट. "काका, ते पुढे गेले!" "जाऊ द्यात की. पोचल्याशी कारण." "पण मला पोहोचण्याआधीच बोलायचे आहे!" माझा आवाज चढला. मांडीवरच्या आलेखांच्या गुंडाळीला हाताचा घाम लागून कडा मऊ पडल्या होत्या. काका हलकेच म्हणाले, "बोलशील की. जेवताना बोल."

"कुठे जेवताना?"

एक फाटा आला. आंबोलीचा रस्ता सरळ जात होता. "दस्तगीर, उजवीकडं घे. नेसरीला."

"नेसरीला?" माझ्या तोंडून ते किंचाळीसारखेच निघाले असावे, कारण दस्तगीरने गाडी थांबवली.

"अक्का हाय की तिथं," काका म्हणाले. अक्का म्हणजे त्यांच्या थोरल्या भगिनी, हे मला माहीत होते. माझ्या प्राध्यापकांशी त्यांचा संबंध काय, हे माहीत नव्हते. काकांना माझ्या अज्ञानाचे नवल वाटले. "आगं, पावणं जेवायला तिथंच गेलंय. दोन्ही डायवरांस्नी तेच सांगितलंय. हॉटेलात काय, पैसं टाकायचं आन् जेवायचं. पण माणूस आपल्या मुलखातनं निघालाय, त्याला उपाशी सोडायचा? उद्या त्यो म्हणंल, कोल्हापूरच्या लोकांनी पानी इचारलं न्हाय."

समुद्राकाठी उतरायला निघालेल्या माणसाला कोणी वाटेवरून उचलून एका खेड्यात, अनोळखी बाईच्या घरी जेवायला नेत असेल, तर त्याला काय वाटेल? पळवून नेल्याची तक्रार ते कुठे करतील, आणि तीत माझे नाव कसे लिहितील?

अक्कांच्या घराच्या पुढच्या सोप्यात प्राध्यापक पाटावर मांडी घालून बसले होते. कोट खुंटीला टांगलेला, बाह्या दुमडलेल्या. मूळचे मद्रासकडचे शाकाहारी गृहस्थ. काकांनी अर्थातच शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन्ही स्वयंपाक करवून ठेवले होते. समोर आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा वाफाळता भात होता, त्याच्या वासाने सोपा भरला होता, आणि भातावर दही.

"ये की गं," अक्का म्हणाल्या. "हात धू आन् बस. तुझं पावणं लई गुणाचं हाय. तिसऱ्यांदा भात घेतलाय. आमची भाषा कळंना त्याला, पर 'वाढू का' म्हटलं की मान बराबर हालवतंय."

मी इंग्रजीत क्षमायाचना सुरू केली. प्राध्यापकांनी हाताने थांबवले. "पाटी फार सुंदर होती," ते म्हणाले. "ते झाड पाहून वाटले, हॉटेलचाच माणूस असणार. जेवणही हॉटेलच्याच दरात आहे का?" मग माझ्या काखेतल्या गुंडाळीकडे पाहून विचारले, "हे काय?"

निघताना मी त्यांना आमच्या गाडीत घेतले. अक्का काकांना दारात अडवून म्हणाल्या, "धाकल्या, आता गप बसायचं. पोरीचं काम हाय. तोंड उघडशील तर बघ." काकांनी मान डोलावली.

पुढचे तीन तास माझे होते. मागून रिकामी गाडी येत होती. प्राध्यापकांनी वळून विचारले, "तिच्यात कोण आहे?" मी म्हटले, "कोणी नाही." "बरं," ते म्हणाले आणि पुन्हा आलेखाकडे वळले. त्यांनी मला सोडले नाही. तापमापक कुठे ठेवला, साचा किती जाड, दुसऱ्या दिवशी तेच आले का, मोजणारा माणूस बदलल्यावर आले का. आंबोलीचा घाट उतरताना त्यांनी उंचवट्यावर बोट ठेवले. "हा का येतो?" तयार करून ठेवलेली दोन उत्तरे माझ्यापाशी होती आणि दोन्ही कच्ची आहेत हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसले. "माहीत नाही," मी म्हणाले. "पण तो दर वेळी येतो." सावंतवाडी मागे पडल्यावर त्यांनी जूनमध्ये मुंबईत किती तारखेपर्यंत येता येईल, असे विचारले.

हॉटेलच्या दारात स्वागताची माणसे पुढे आली आणि त्यांना आत घेऊन गेली. त्यांच्या खोलीची व्यवस्था पाहून मी पायऱ्या उतरून आले तेव्हा दस्तगीर गाडीला टेकून उभा होता. "बाई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "घाटात काटा साठावर गेलता दोनदा. मुद्दाम न्हाय, उतार व्हता. गुरुजींनी चापट मारली न्हाय. म्या बघितलं, पदराला गाठ मारावी तशी स्वतःच्या धोतराला गाठ मारत बसलंते."

तेव्हा माझ्या ध्यानात आले की नेसरीपासून इथपर्यंत मी काकांचा आवाज ऐकला नव्हता.

ते सर्वांत खालच्या पायरीवर बसले होते. समोर समुद्र होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली होती. धोतराच्या सोग्याला ओळीने गाठी होत्या.

"झालं काम?"

"झाले, काका. जूनमध्ये बोलावले आहे."

"नीट इचारलंस न्हवं? जायचं कशानं? रातीच्या गाडीनं नको." एवढे बोलून त्यांनी मनगट पुढे केले. "जरा नाडी बघ की. तू शास्त्रातली."

त्या जूनला मी कोल्हापूर सोडले ते सोडलेच. पुढे पुष्कळ मोजले, पुष्कळ लिहून ठेवले. पण त्या आलेखांच्या गुंडाळीवर मी टिपलेला अखेरचा आकडा लोखंडाचा नव्हता. त्या दिवशी हॉटेलच्या पायरीवर उन्हे कलली होती, येऊन पाऊण तास होत आला होता, गाड्या दोन्ही सुखरूप उभ्या होत्या. मी काकांच्या मनगटावर बोटे ठेवली, घड्याळाच्या काट्याकडे पाहिले, आणि गुंडाळीच्या मऊ पडलेल्या कडेवर पेन्सिलीने लिहिले: मिनिटाला एकशे चोवीस.