वरातीतली दुनळी

नव्वदच्या दशकात लखनौत, आमच्या इंदिरा नगरच्या गल्लीत, ज्याच्या घरी वरातीत खांद्यावर मिरवायला बंदूक नाही तो कितीही शिकलेला असला तरी बिचाराच समजला जायचा. आमचे हे शास्त्रज्ञ. शिकारीला तर केव्हाचीच बंदी होती, पण नेमबाजीच्या रेंजवर उडत्या मातीच्या थाळ्या फोडायच्या म्हणून यांनी दुनळी बंदूक घ्यायची ठरवली. दुकानदाराने आधी विचारलं, "साहब, चलानी है या बारात में ले जानी है?" हे हसले.

दुकानातली एकेक बंदूक खांद्याला लावून यांनी शेवटी आखूड नळ्यांची निवडली, कारण ती हातात चटकन वळते. मग तिचा लाकडी दस्ता स्वतःच्या हाताच्या मापाने कापून घेतला. तरी रोज आरशासमोर उभं राहायचं, नेम धरायचा आणि "अजून जरा घासायला हवा" म्हणायचं. माझा एकही ब्लाउज कधी इतका नीट बेतला गेला नाही.

लग्नसराईत शेजारचे गृहस्थ मुलाच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला आले. यांनी मोठ्या हौशीने बंदूक दाखवली, तिचा तोल कसा साधलाय ते समजावलं. त्यांनी ती वरखाली न्याहाळली आणि अदबीने म्हणाले, "भाईसाहब, आप ज़रूर आइएगा. बंदूक रहने दीजिए, भीड़ में दिखेगी नहीं."

त्या रात्री हे जेवले नाहीत. सकाळी उठून तडक त्याच दुकानात गेले आणि म्हणाले, "लंबी नाल वाली दिखाइए. बारात में ले जानी है."