शेळीच्या तोंडी गेलेल्या भाकऱ्या

माझा हात तापल्या तव्यावर टेकलाय, हे मला कळलंच नाही. कळलं ते आमच्याकडे भाकऱ्या थापायला येणाऱ्या मावशींना. त्यांनी मनगट धरून हात ओढला, तेव्हा तळव्यावर फोड उठत होता आणि मी दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तशी बघत होते.

नऊ वर्षं मी घरातून जेवणाचे डबे देत होते. सात रस्ता चौकाच्या आसपासची ऑफिसं, दोन दवाखाने, बाहेरगावहून शिकायला आलेली मुलं, असे रोजचे साठ डबे. सणाला सुट्टी नव्हती, उलट गोडाचं काम वाढायचं. आपण दमलोय हे मला ठाऊकच नव्हतं. वाटायचं, स्वभावच चिडका झालाय.

हाताला मलम लावता लावता डॉक्टरबाईंनी विचारलं, "बसून पोटभर शेवटचं कधी जेवलात?" मी आठवू लागले. आठवेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेचना.

डबे बंद केले. यांनी दुसरीकडून आमच्या तिघांचा, म्हणजे आम्हा दोघांचा आणि सासूबाईंचा, डबा लावला. त्यानंतर चार महिने मी चहापुरतीच स्वयंपाकघरात गेले. फोडणीचा वास आला तरी मी खिडकी लावून घ्यायचे.

एका दुपारी शेजारीण दारात आली. हसतच म्हणाली, "तुमच्या आजींना सांगा की, आमची शेळी आता चाऱ्याला तोंड लावंना. रोज भाकरीची वाट बघते."

"कसली भाकरी?"

"त्या आणून घालतात की रोज. पदरात गुंडाळून."

मी आत गेले. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. उशीशी फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या होत्या, डब्यातल्या. आणि त्यांच्या दंडावर चोळीची बाही सैल लोंबत होती. रोज त्यांच्यासमोर बसून जेवत होते मी, तरी मला ते दिसलं नव्हतं.

"आई, तुम्ही जेवत नव्हता?"

"भात खायची की. आमटी प्यायची."

"आणि भाकरी?"

"वातड असती. दात कुटं हायत मला."

"मग मला का नाही सांगितलं?"

त्यांनी फडक्याची गाठ घट्ट केली. मग म्हणाल्या, "हात भाजलेला कळंना तुला. अशा बाईला काय सांगू, मला ताजी भाकरी करून दे म्हणून?"

मी तिथंच फरशीवर बसले. साठ माणसांना जेवू घालणाऱ्या माझ्या घरात एक म्हातारी अर्धपोटी राहत होती, आणि तीही माझी काळजी म्हणून.

उठून पिठाचा डबा उघडला. पीठ कडू झालेलं. शेजारणीकडून वाटीभर ज्वारीचं पीठ आणलं. एवढं थोडं पीठ परातीत घेऊन मी कित्येक वर्षांत बसले नव्हते. पहिली भाकरी तव्यावर टाकताना फाटली. दुसरी फुगली. ती ताटात घालून शेजारी शेंगाची चटणी आणि तेल वाढलं.

सासूबाईंनी भाकरी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं सरकवली. "कुंद्रु," त्या म्हणाल्या. माया आली की त्या माहेरच्या कानडीवर जायच्या. "बस हितं. खा."

"मी नंतर खाते."

"आत्ता. गरम हाय तवर."

मी घास घेतला आणि चावायची थांबलेच. भाकरी गोड लागत होती. माझ्या हाताखालून रोज ढीगभर भाकऱ्या जात होत्या, पण वाफ निघणारी एकही मी तोंडात घातली नव्हती.

"अशी लागते ही?" मी विचारलं.

"अशीच लागती. समद्यांना म्हाईत हाय, तुला सोडून."

संध्याकाळी कुणी न सांगता मी वांगी चिरायला घेतली. हे कामावरून आले, फोडणीचा वास घेत दारातच उभे राहिले. मग आत येऊन लसूण सोलायला बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना लसूण सोलता येतो हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या आठवड्यात बाहेरचा डबा बंद झाला. जुन्या गिऱ्हाइकांचे फोन अजून येतात, मी नाही म्हणते. ज्या दिवशी नको वाटतं त्या दिवशी हे खिचडी टाकतात, बरी करतात. सासूबाईंची तब्येत आता सुधारली आहे. पण चार महिन्यांत त्यांनी एकदाही 'भूक लागली' म्हटलं नाही, हे आठवलं की हातातलं काम आजही थांबतं.