दोन्ही बाजूंनी उघडणारी वही

दाजी कंडक्टरांना समोरच्याचं बोलणं पुरे झालं असं वाटलं की ते हाताशी येईल त्या लाकडावर बोटाच्या पेराने एक ठोका देत. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे निघ. एसटीत उभा जन्म दोरी ओढून घंटी वाजवण्यात गेला. निवृत्तीनंतर दोरी सुटली, हात मात्र तसाच राहिला. जेवताना भात पुरे झाला की पाटावर एक ठोका, कढी येऊ द्यावी असं वाटलं की दोन. एका लग्नाच्या बैठकीत मुलाकडची माणसं मानपानाचं गुऱ्हाळ लावून बसली होती, तेव्हा दाजींनी दाराच्या चौकटीवर दोन ठोके दिले आणि दोन्हीकडची मंडळी उठून मुकाट पंगतीला बसली, असं गावात अजून सांगतात. मी त्या लग्नात नव्हते, पण दाजींना ओळखणाऱ्या कुणालाही ते खोटं वाटणार नाही.

आमचं गाव धामापूरच्या अलीकडे, काजूच्या बागांत अर्धं दडलेलं. वाड्या दोन, वरची आणि खालची, आणि देवी दोघींची एकच. देवळात वर्षभर कुणी काय करायचं याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. सभामंडप कुणी झाडायचा, समईचं तेल कुणाचं, जत्रेच्या महाप्रसादाला चुलीपाशी कोण, हे सगळं एका जाड वहीत लिहिलेलं असे आणि ती वही चाळीस वर्षं दाजींच्या ताब्यात होती. दाजी खालच्या वाडीचे. मी वरच्या वाडीची. पुण्यातल्या एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम घरातल्या माडीवर बसून करणारी. गावातल्या बायकांच्या मते मी दिवसभर बसूनच असते, त्यामुळे माझ्याकडे कामं यायची.

दाजींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला आणि त्यांना वहीतलं अक्षर दिसेना. एक दिवस काठी टेकत ते आमचा चढ चढून आले, वही माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "प्राजू, ह्यां तुझ्या मशिनीत घाल. माजे डोळे गेले, पण पाळी चुकाक नको."

मी वही उघडली. पहिल्या पानापासून वरच्या वाडीच्या पाळ्या होत्या. खालची वाडी सापडेना. शेवटी लक्षात आलं, वही पालथी करून मागच्या पुठ्ठ्याकडून उघडली की तिथून खालची वाडी सुरू होते, आधीच्या लिखाणाच्या हिशेबाने उलटी. दोन्ही पुठ्ठे कोरे. मी विचारलं, "दाजी, असं उलटसुलट का लिहिलंय हो?" त्यांनी खुर्चीच्या हातावर एक ठोका दिला. मी गप्प बसले आणि मनात म्हटलं, कागद वाचवायची जुन्या माणसांची खोड. इथेच मी पहिली माती खाल्ली.

आता टॅब म्हणजे काय ते सांगून टाकते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. पडद्यावर एक चौकट असते आणि तिच्यात पानं एकावर एक रचलेली असतात. प्रत्येक पानाचा कान तेवढा वर डोकावतो. ज्या कानाला हात लावाल ते पान समोर येतं, बाकीची मागे गप बसतात. आम्ही प्रोग्रामर या चौकटीला कंटेनर म्हणतो. कामाची वस्तू आहे, पण तिला एक सवय आहे. आधी कोणतं पान दाखवायचं हे तुम्ही सांगितलं नाही, तर ती आपलं पहिलं पान दाखवून मोकळी होते.

मी दोन वाड्यांची दोन पानं केली. वही ज्या बाजूने उघडली गेली ती वाडी आधी टंकली, म्हणजे वरची, म्हणजे आमचीच. दाजींना पडदा दिसत नव्हता म्हणून मी सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या. त्यांनी तीन चुका काढल्या, त्याही माझ्या. मग एकच प्रश्न विचारला, "उघडता कशी ही?" मी ऐटीत म्हटलं, "अगदी वहीसारखी." त्यांनी समाधानाने दोन ठोके दिले.

जत्रा चार दिवसांवर आली होती. सकाळी देवळाच्या सभामंडपात दोन्ही वाड्यांची माणसं जमली, शाळेतून मोठा टीव्ही आणून खांबाला टेकवला आणि मी लॅपटॉप जोडून प्रोग्राम सुरू केला. भल्या मोठ्या अक्षरांत ‘वरची वाडी’ असं पान उघडलं. आमच्या बाजूचे बाबूकाका मिशीत हसले. खालच्या वाडीचे अण्णा, वयाने आणि आवाजाने तिथले वडीलधारे, पुढे सरकले आणि त्यांनी आपली वाडी कुठे आहे असं विचारलं. मी म्हटलं, "ही काय, मागे आहे. इथं दाबलं की येते."

"आमची वाडी तेंच्या मागे?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

मी दाबून दाखवलं. आता पान समोर आलं होतं, पण अण्णांचं बसायचं घोंगडं गुंडाळून काखेत गेलं होतं. वरच्या वाडीच्या चेडवाने, म्हणजे पोरीने, केल्यावर दुसरं काय होणार, असं कुणीतरी मागून म्हणालं. ते मला लागलं, कारण मी मुद्दाम काही केलं नव्हतं आणि तरी ते खरं होतं. अण्णा पायऱ्या उतरताना एवढंच म्हणाले, "पालखेक औंदा आमचो खांदो नाय." आमच्या पालखीला उजव्या बाजूने एका वाडीचे खांदे आणि डाव्या बाजूने दुसरीचे लागतात. एक बाजू नसली तर पालखी उठत नाही, आणि पालखी उठली नाही तर जत्रा नाही.

मी घरी येऊन कामाला लागले. आधी वाड्या अक्षरांच्या क्रमाने लावल्या. ख आधी, व नंतर, त्यात कुणाचं काय गेलं? बाबूकाकांचं गेलं. संध्याकाळच्या आत त्यांनी निरोप धाडला की खांदे आमच्याकडेही आहेत आणि तेही दुखू शकतात. मग मी पहिलाच क्रम परत आणला आणि कान आडवे न लावता उभे लावले, एकाखाली एक. त्याने तर वरची वाडी खरोखरच वर बसली आणि मी ते कुणाला न दाखवता पुसून टाकलं. पुण्याचा एक सहकारी म्हणाला, टॅबच काढून टाक, एकच यादी कर. त्याला म्हटलं, बाबा, यादीला पहिली ओळ असते.

शेवटी मला वाटलं, जमलं. जे पान शेवटी पाहिलं गेलं असेल तेच पुढच्या वेळी उघडेल असं करून मी लॅपटॉप देवळातल्या खोलीत ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पुजारी सांगत आले की देवळात एवढी वर्दळ त्यांनी जत्रेलाही पाहिली नव्हती. खालच्या वाडीचा एक जण यायचा, "जरा बघतंय, चालता मां ता," म्हणायचा, आपलं पान उघडून ठेवून जायचा. तो बांधावरून दिसेनासा झाला की वरच्या वाडीचा दुसरा यायचा. दुपारपर्यंत पुजाऱ्यांचं नैवेद्याचं तूप करपलं होतं आणि त्यांनी खोलीला कुलूप घातलं होतं.

आता मात्र मी घाबरले. चाळीस वर्षं नीट चाललेली गोष्ट मी एका आठवड्यात मोडली होती. दाजींकडे जायला तोंड नव्हतं, पण त्यांनीच बोलावणं पाठवलं. ते ओटीवर बाकावर बसले होते, वही शेजारी होती. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तुका वाचूक येता मां? मगे दोनव बाजूंनी वाच. मध्यार ये."

मी पुढून पानं उलटत गेले, मग वही पालथी करून मागून. दोन्ही लिखाणं मधे जवळ आली आणि थांबली. त्यांच्यामधे एक कोरं पान होतं. त्यावर हळदकुंकवाची दोन बोटं होती, जुनी होऊन तपकिरी पडलेली. मी आठवडाभर ती वही हाताळली होती आणि दोन पानं चिकटली असतील म्हणून ते पान उलटून पुढे गेले होते.

मग दाजींनी जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. ते नोकरीला नवीन लागले होते तेव्हा यादीत आधी कोण यावरून दोन्ही वाड्या भांडल्या आणि तीन वर्षं जत्रा बंद पडली. देवीची पालखी जाळं धरून कोपऱ्यात राहिली. दाजींच्या आईने तिसऱ्या वर्षी ओटीचा खण देवळात न नेता घरातच ठेवला आणि पुढल्या वर्षी ती गेली. मी त्यांचा हात धरला. त्यानंतर त्यांनी ही वही घातली. पुढून एक वाडी, मागून एक वाडी, मधे देवी. ज्याने त्याने आपल्या बाजूने उघडावी. मी विचारलं, "मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"भांडाण सांगूचा नसता गो," दाजी म्हणाले. "सांगला काय ता परत सुरू." मग त्यांना हसू आलं. "गाडयेत पयल्या सीटसाठी दोघां भांडाक लागली काय मी थंय माजी बॅग ठेवी. बॅगेवांगडा कोण भांडणा नाय."

मी तिथेच ओटीवर लॅपटॉप उघडला. दोन पानांच्या मधे तिसरं पान घातलं, एक वाडी त्याच्या उजवीकडे, एक डावीकडे, आणि सुरुवातीला मधलंच पान उघडायचं असं कंटेनरला बजावलं. एका ओळीचं काम होतं. मग विचारलं, या पानावर घालू काय? ते म्हणाले, काही एक घालू नको. मी माझं शिक्षण पाजळलं: दाजी, रिकामं पान दिसलं की माणसाला वाटतं प्रोग्राम बिघडला.

"रिकामा खंय आसा?" दाजी म्हणाले. "थंय देवी बसली आसा." आणि बाकावर दोन ठोके दिले.

दुसऱ्या दिवशी जत्रा. तोच सभामंडप, तोच टीव्ही. प्रोग्राम उघडला आणि कोरा पांढरा पडदा समोर आला, उजवीकडे एका वाडीचा कान, डावीकडे दुसरीचा, पालखीच्या खांद्यांसारखे. अण्णांनी पाहिलं, बाबूकाकांनी पाहिलं. मग अण्णांनी काखेतलं घोंगडं खाली ठेवलं, पडद्याला हात जोडले आणि आपल्या लोकांना विचारलं की खांद्याला कोणकोण आहे. दिवस मावळायच्या आत पालखी उठली. दाजी पायरीवर बसले होते. पालखी त्यांच्यासमोरून गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. तसंही उघडून त्यांना दिसणार नव्हतं, पण हात कानाशी नेऊन ते टाळांचा आवाज ऐकत होते.

पुढच्या जत्रेला दोन महिने असताना दाजी गेले, झोपेत, कुणाला न थांबवता. दोन्ही वाड्यांची माणसं पोचवायला आली. पुढे जत्रेच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं की ते मधलं पान कोरंच असतं, तर तिथे दाजींचा फोटो लावावा. सगळ्यांनी माना डोलावल्या, बाबूकाकांनीसुद्धा. फोटो मलाही हवा होता. पण दाजी खालच्या वाडीचे होते, आणि हे मी, वरच्या वाडीची मुलगी, कोणत्या तोंडाने सांगणार?

अण्णाच उठले. "दाजी आमचो. पण थंय तेचो फोटो नको," ते म्हणाले. "तो स्वता थंय बसलो नसतो." एवढं बोलून ते खाली बसले आणि उपरण्याने नाक पुसलं.

फोटो लागला नाही. मी दाजींच्या घरी गेले आणि ओटीवरच्या बाकावर माझ्या पेराने दोन ठोके देऊन त्या ठोक्यांचा आवाज मोबाइलवर घेतला. प्रोग्राम उघडला की तो वाजतो. कुणाची परवानगी घेतली नाही. आवाज कुठल्याच पानावर बसत नाही, मग त्यावरून कोण भांडणार? जत्रेच्या दिवशी पुजाऱ्यांनी लॅपटॉप सुरू केला. कोरं पान आलं आणि सभामंडपात दोन ठोके वाजले. अण्णा खांबाला टेकून पेंगत होते. ते दचकून उठले, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि इकडेतिकडे न बघता म्हणाले, "चला रे, गाडी सुटली."