सोनाक्का आणि तांदळातला लॅपटॉप

सोनाक्काकडे लॅपटॉप नेला की पहिला अर्धा तास ती त्याला हातच लावत नाही. लॅपटॉप टेबलावर ठेवायचा, समोरच्या प्लास्टिकच्या स्टुलावर आपण बसायचं आणि ती विचारेल तेवढंच सांगायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला हे कुठलं ठाऊक! मी चार्जर काढला, मागचं झाकण उघडायला पेचकससुद्धा स्वतःचाच आणला होता, आणि दोन दुकानांत ऐकलेलं निदान एका दमात म्हणून टाकलं. "ग्राफिक्स कार्ड मेलंय. डिस्प्लेपण गेलाय. दोघंही म्हणाले, बोर्ड बदला."

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. "त्यांनी काय सांगितलं त्ये नगं. तू काय बघितलंस त्ये सांग. आन् मेलंय म्हनू नगं. गप झालंय म्हन."

कासार आंबोलीत, पौड रस्त्यावरून आत वळलं की एका घराच्या पडवीला शटर बसवलंय, ते तिचं दुकान. पाटी नाही. पन्नाशीची, काटक, नऊवारी नाही पण पाचवारीसुद्धा नऊवारीसारखी खोचून बसणारी बाई. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला तिचं माहेर, धनगरवाड्यात. बापाकडे शेरडं होती. एखादं शेरडू चारा खाईनासं झालं की बाप त्याला लगेच धरायचा नाही, लांब बसून निस्तं बघत राहायचा, असं ती सांगते. "हात लावला की जनावर बुजतं. मंग दुखनं कुटं हाय त्ये कळत न्हाई." पुढं पंधरा वर्षं तिनं उरवड्याच्या एका कारखान्यात बिघडलेले सर्किट बोर्ड दुरुस्त करायच्या टेबलावर काढली. कारखाना परराज्यात गेला. तिचा मायक्रोस्कोप मात्र पिरंगुटच्या भंगारवाल्याकडे आला, आणि तिनं तो ओळखला. कसा ओळखला? "त्याच्या नळीला माजा हळदीकुकवाचा डाग व्हता," म्हणाली.

मला त्या दिवशी हे सगळं ऐकायला वेळ नव्हता. तो मंगळवार होता आणि शुक्रवारी अकरा वाजता माझ्या आयुष्याचा फैसला व्हायचा होता. मी माणचा. आमच्या जमिनीवर आता तीन मजले उभे आहेत आणि त्यांत कंपन्यांमधली मुलं भाड्यानं राहतात. वडिलांचं म्हणणं, खोल्या सांभाळ, पाण्याची मोटर चालू कर, सुखानं जग. मी मात्र दोन वर्षं खोलीत बसून एकट्यानं एक गेम बनवत होतो. मुळशीच्या जलाशयात नाव घेऊन फिरायचं, पाण्याखाली गेलेल्या गावाच्या खुणा शोधायच्या. एका गेम कंपनीनं मला नोकरीसाठी बोलावलं होतं, तेही "तुमच्याच मशीनवर चालवून दाखवा" म्हणून. माझ्या ओळखीत दुसरा गेमिंग लॅपटॉप कुणाकडे नव्हता. भाडेकरूच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर गेम टाकून बघितला, तर पाण्याला वल्हं लागायच्या आधीच नाव झोपली. वडील म्हणाले होते, शुक्रवारचं जमलं तर जमलं, नाहीतर सोमवारपासून खोल्यांचं बघायचं. आणि मी हो म्हणून बसलो होतो.

"शेवटचं बरं कवा व्हतं?" आक्कानं विचारलं.

मी सांगितलं. आठवड्यापूर्वी स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या, मग अंधार. पंखा फिरतो, कीबोर्डचे दिवे लागतात, चालू झाल्याचा आवाजही येतो. टीव्हीला जोडला तरी काळंच.

"त्येच्या आदी काय झालं?"

"काही नाही, आक्का. तुम्हाला सांगतो, काहीच नाही."

"आक्का म्हनतुयास आन् तुमी कशाला? तू म्हन." मग तिनं लॅपटॉपकडे बघत दोन बोटं वर केली. "चित्राच्या दोन वाटा असत्यात. येक प्रोसेसरातली, बारकी. ती तुज्या स्क्रीनला जाती. दुसरी मोट्या कार्डाची, ती टीव्हीला जाती. कार्ड गप झालं तर स्क्रीन दिसाय पायजे. स्क्रीनची केबल गेली तर टीव्ही दिसाय पायजे. हितं दोनी बंद. म्हंजी येक तर दोन दुखनी हायेत, न्हाय तर तू काय तरी चोरून ठिवलंयस."

दोन दुकानांत एकालाही हे सुचलं नव्हतं. माझे कान लाल झाले, कारण तिचं दोन्हीही खरं होतं.

अर्धा तास झाल्यावर तिनं लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले आणि मागचं झाकण उचललं. टेबलावर टपकन एक तांदळाचा दाणा पडला. तिनं तो चिमटीत धरून उजेडात बघितला.

"आंबेमोर का इंद्रायनी?"

"आंबेमोहोर," मी म्हणालो, आणि मग सगळं ओकलो. मी दोन दिवस बहिणीकडे भोरला गेलो होतो. खिडकी उघडी राहिली, पावसाची झड आत आली, लॅपटॉप भिजला. आईनं तो पदरानं पुसला आणि ओल शोषली जावी म्हणून तांदळाच्या पिंपात खोल पुरला. दोन दिवसांनी मी आलो तर तिनं तो पिंपातून काढून अभिमानानं हातात दिला. चालूही झाला! आठ दिवस मस्त चालला. ही गोष्ट दुकानात सांगायची मला लाज वाटत होती.

आक्कानं बोर्ड मायक्रोस्कोपखाली सरकवला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "आईनं तांदळाला पावडर लावलीती का?"

लावलीच होती. किडा लागू नये म्हणून आमच्याकडे वर्षाचा तांदूळ भरताना बोरिक पावडर चोळतात, मुळशीतल्या कुठल्याही घरात विचारा. ओल्या बोर्डावर ती पावडर बसली होती, आणि स्क्रीनची केबल जिथं लागते तिथं तिचा पांढरा थर धरला होता. मी नळीतून बघितलं. गंजलेल्या पिनांवर मिठागर पसरावं तसं दिसत होतं.

आक्का हसायला लागली. चष्मा काढून डोळे पुसत हसली. "लॅपटापावर चहा सांडलेला बघितला, येकानं तर ताक सांडून आनलं. पर पावडर लावून भरून ठिवलेला पयलाच! आता वरीसभर किडा लागायचा न्हाई याला!" मलाही हसू आलं. आठवडाभरात पहिल्यांदा.

त्या दुपारी तिनं स्पिरिट आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन एकेक पिन साफ केली. दोन पिनांना नवं कथील दिलं. "येका वक्ताला येकच," हे तिचं दर पाच मिनिटांनी म्हणणं. मी म्हणालो, पंखाही काढू या, थर्मल पेस्टही बदलू या. तिनं माझ्या हातावर हलकेच ब्रश मारला. "सगळं येकदम बदललं आन् चालू झालं, तर कशानं चालू झालं त्ये कसं कळंल?" केबल लावून बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली! मी स्टुलावरून उडालोच. पण ती बारकी वाट होती. लॅपटॉपमधल्या भागांची यादी उघडली, तर तीत ग्राफिक्स कार्डाचं नावच नव्हतं. गेम चालू केला तर नाव पुन्हा झोपली.

बुधवारी सकाळी शटर उघडायच्या आधी मी तिच्या दारात होतो. तिनं मल्टिमीटरच्या सुया कार्डाच्या वीजवाटेवर टेकवल्या. मीटर एकसारखा वाजायला लागला. "कुटं तरी शॉर्ट हाय. ह्या कार्डाभवती सत्तर-ऐंशी बारकं कपॅसिटर हायेत, तिळायेवढं. त्यातला येकच खोटा असंल. पर कंचा?"

"मग सगळे काढून बघायचे?"

"याड लागलंय का?" तिनं त्या सगळ्या भागावर ब्रशनं स्पिरिटचा पातळ हात फिरवला. बोर्ड ओला चकचकीत झाला. "आता मी याला थोडा करंट देती. जितं शॉर्ट हाय तितं ऊन हुनार. तितलं स्पिरिट आदी वाळनार. डोळं लवू नगंस."

आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून वाकलो. मागं एक काका मिक्सरचं भांडं घेऊन नंबर लावून उभे होते, तेही वाकले. तिनं बटण दाबलं. एक सेकंद काही नाही. दोन सेकंद काही नाही. आणि मग त्या ओल्या चकाकीत एकच ठिपका, कोपऱ्यातला, कोरडा झाला.

"त्यो बग!" आक्का ओरडली. "त्यो बग!" मी ओरडलो. काकांना काहीच दिसलं नव्हतं, पण तेही ओरडले.

मग ती एकदम गंभीर झाली. "आता ऐक. त्यो कार्डाला चिकटून हाय. गरम वाऱ्यानं काडावा लागंल. वारा जास्ती झाला तर कार्ड खरंच जाईल, मंग माज्याकडं औशद न्हाई. करू का नगं, तू सांग."

मला शुक्रवार आठवला, सोमवार आठवला. म्हणालो, "कर आक्का."

तिनं कार्डावर पिवळी टेप लावली, गरम हवेची नळी धरली आणि दुसऱ्या हातात चिमटा. तिचा हात मी बघत होतो. तो हलत नव्हता. कथील पाघळलं आणि चिमट्यानं तो तीळ उचलून तिनं बाजूला ठेवला. तिनं सुया टेकवल्या. मीटर वाजला नाही.

"त्याच्याबिगर चालंल?" मी विचारलं.

"घरात धा मानसं असली तर येक गावाला गेलं म्हनून चूल बंद पडती का?"

सगळं जोडलं. बटण दाबलं. स्क्रीन आली, यादी उघडली, आणि यादीत कार्डाचं नाव! मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. मी काकांना मिठी मारली. मिक्सरचं भांडं आमच्या दोघांमध्ये दाबलं गेलं.

"आता दाव तरी," आक्का म्हणाली, "काय चालतं यावर."

मी गेम लावून दिला. तिनं नाव चालवायला घेतली आणि वीस मिनिटं सोडलीच नाही. धुक्यात शिरली, पाण्याखालच्या देवळाच्या कळसाला नाव घासली तेव्हा "आई गं!" म्हणून मागं सरकली. मग अचानक थांबली. "ह्ये चुकलंय. झाडं हिकडं वाकत्यात आन् पाऊस तिकडनं पडतुया. वारं येक असताना पाऊस दुसऱ्याच अंगाला कसा जाईल?"

दोन वर्षं मी तो पाऊस बघत होतो. मला दिसलं नव्हतं. गुरुवारी दुपारी बसून मी तो सरळ केला, आणि शुक्रवारी अकरा वाजता गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाही न अडखळता चालला. समोरच्या तिघांतली एक बाई म्हणाली, पाऊस फार खरा वाटतो. दहा दिवसांनी नोकरीचं पत्र आलं. वडिलांनी ते दोनदा वाचलं आणि मोटर चालू करायला स्वतः गेले.

खरी गंमत पुढं आहे. मी घरी काही सांगायच्या आतच आईनं ठरवून टाकलं होतं. "मी तांदळात ठिवला म्हनून वाचला! न्हाय तर पार कामातनं गेला असता." सगळ्या भाडेकरूंना तिनं हे सांगितलं. मग म्हणाली, त्या बाईचे पाय धरायला हवेत, तिनं शेवटचा हात फिरवला. पायलीभर आंबेमोहोर पिशवीत भरून ती माझ्या मागं गाडीवर बसली.

मी मनात म्हटलं, आता कळेल. सोनाक्कापुढं कुणाचं काही चालत नाही.

आईनं पिशवी टेबलावर ठेवली. "ताई, मी बाई अडानी. पर पोराची दोन वर्सांची मेहनत, जीव नुसता गोळा झाला माजा. घरात ओल टिपायला दुसरं काय व्हतं? तांदळात ठिवला. बरं केलं ना मी?"

आक्कानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग आईचा हात हातात घेतला. "व्हय ताई. तांदळानंच वाचला. मी निस्तं पुसलं."

आई रडली. मग दोघींनी चहा घेतला आणि माहेरच्या गप्पा मारल्या. आई चपला घालायला बाहेर गेली तेव्हा मी उसळलो. "आक्का, हे काय? सगळं तू केलंस. ती आता गावभर सांगत सुटेल!"

ती पिशवीतले तांदूळ हातात घेऊन बघत होती. "कारखान्यात मी पंधरा वर्सं बोर्ड उटवले. परत्येकावर सुपरवायझरची सही. बक्षीस बी त्यालाच मिळायचं, टाळ्या आमी वाजवायच्या."

"मग? वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. लई वाटलं. अजून वाटतं. पर त्ये त्यानं घेतलं व्हतं. ह्ये मी दिलं." आणि तांदूळ परत पिशवीत सोडत म्हणाली, "जा, आई उनात हुबी हाय."

माणमध्ये आजही सगळे हेच समजतात, की माझा लॅपटॉप आईनं वाचवला. आता पावसाळ्यात भाडेकरू फोन भिजला की आमच्या पिंपाकडे धावतात, आणि दोन-चार दिवसांनी मी त्यांना गुपचूप कासार आंबोलीचा रस्ता सांगतो. आईची गोष्ट दर वेळी थोडी वाढते. ती रंगात आली की मी मान डोलवतो, हो म्हणतो, आणि मला सोनाक्काचा इतका अभिमान वाटतो की उठून खिडकीपाशी जाऊन उभं राहावं लागतं.