कारवानला रंग दिला ते दिवस

उदगीरच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली, तेव्हा आईनं खिडकीतून येसराच्या मसाल्याचा डबा माझ्या मांडीवर दिला आणि हात तसाच आत ठेवून त्याचं झाकण दोनदा दाबून पाहिलं. अण्णा मागे छत्रीवर रेलून उभे होते. माझ्या लग्नाला सहाच महिने झाले होते, शेजारी हे बसले होते, म्हणून रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. अण्णा एवढंच म्हणाले, "हैदराबाद काही परकं नाही. मी दोन वर्षं राहिलोय तिथं. आपलंच गाव समज." गाडी बिदरच्या रस्त्याला लागली तेव्हा मी डब्यावर डोकं टेकलं आणि ठरवलेलं मोडलं.

माझ्या भावाची, दिलीपची मुलगी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी बंगळूरला चाललीय. परवा फोनवर तिनं विचारलं, "आत्या, तुला परत यायची संधी होती म्हणे. मग का नाही आलीस?" मी काहीतरी बोलून विषय बदलला. पण प्रश्न मनातून जाईना. म्हणून हे लिहितेय, तिच्यासाठी आणि गावात राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठीही, कारण तुम्हालाही मी कधी नीट सांगितलेलं नाही.

आम्ही कुकटपल्लीत राहिलो. तेव्हा तिथं घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त होते. हे जवळच्याच एका कारखान्यात टर्नर होते. मी भाजीवालीला "एंत?" म्हणून भाव विचारायला शिकले, तेलुगूत पाण्याला "नीळ्ळु" म्हणायला शिकले. पण दुपार फार मोठी असायची. आसपास मराठी बोलणारं कुणी नव्हतं, तेव्हा मी भांडी घासताना स्वतःशीच मोठ्यानं बोलायचे, आपली भाषा नुसती कानावर पडावी म्हणून. आईचा आवाज काढून स्वतःलाच म्हणायचे, "सुमन, जेवलीस का गं?" आज हसू येतं. तेव्हा येत नसे.

नव्वदनंतर बाहेरच्या देशांतल्या मशिनी सहज मिळू लागल्या. हे जे पार्ट महिनाभर खपून बनवायचे, ते तयार खोक्यात येऊ लागले. कारखान्यानं माणसांना स्वेच्छेनं निवृत्त व्हायला सांगितलं. हे तेव्हा अडतीस वर्षांचे होते, आमची वर्षा दुसरीत होती. रोज सकाळी सवयीनं डबा भरून झाल्यावर मला आठवायचं, की आता डबा न्यायला कुणी नाही.

कारखान्याच्या आवारात एक जुनी कॅराव्हॅन पडून होती, जीपला जोडून ओढायची दोन चाकांची खोली. मशिन बसवायला दूर जाणारे इंजिनियर पूर्वी तिच्यात मुक्काम करायचे. नंतर ती कुणालाच नको झाली. ह्यांनी ती मागून घेतली आणि एक दिवस आमच्या घरासमोरच्या प्लॉटवर आणून उभी केली. गल्लीत तिला सगळे कारवान म्हणू लागले.

हे म्हणाले, "हिच्यात तू भाकरी कर. इथले लोकही ज्वारीची भाकरी खातात. मी भाज्या चिरीन, भांडी घाशीन, काहीही करीन."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या गाडीकडे बघवत नव्हतं. कधीकाळी निळी असेल, आता राखेसारखी दिसत होती. हात लावला की पांढुरकी पूड तळव्याला लागायची. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच बादली घेऊन ती धुवायला गेले. का गेले ते आजही सांगता येणार नाही. घरात बसून ह्यांच्या चेहऱ्याकडे बघण्यापेक्षा ते सोपं वाटलं असेल.

शेजारच्या गल्लीत यूसुफभाई राहायचे. आयुष्यभर बस-लॉऱ्या रंगवून आता घरी बसलेले. त्यांनी आमची धडपड पाहिली आणि खुर्ची आणून सावलीत बसले. "ब्रश अभी नक्को उठाओ बहन. पैले घिसो. पूरा घिसो." आठवडाभर आम्ही दोघांनी पॉलिश पेपरनं पत्रा घासला. बोटांची सालं निघाली. गंजलेल्या जागा खरवडल्या, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळली की पुन्हा घासली. मला लाल रंग हवा होता. यूसुफभाईंनी मान हलवली. "लाल नक्को. हमारी धूप पैले लाल कोइच खाती." शेवटी वरती मोतिया आणि खाली गडद हिरवा ठरला.

तांबड्या प्रायमरचा हात चालू होता, तेव्हा अण्णा आले. न कळवता. ह्यांची नोकरी गेल्याचं कळल्यापासून त्यांची दोन पत्रं आली होती आणि मी उत्तर दिलं नव्हतं. धोतर, कोट, हातात पिशवी. माझ्या कोपरापर्यंत तांबडा रंग होता, केसांना फडकं बांधलेलं. ते रस्त्यातच थांबले.

"हे काय करायलीस सुमन?"

"रंग द्यायलेय, अण्णा."

ते आत गेले, पाय धुतले, चहा घेता घेता ह्यांच्याकडून भाकरीचा बेत ऐकला. मग ह्यांच्यासमोरच म्हणाले, "मागच्या दोन खोल्यांना चुना देऊन घेतलाय. तुझ्या आईनं चूल घातलीय. बालवाडीला बाई पाहिजे, मी बोलून ठेवलंय. प्रभाकररावांनी विहिरीजवळचं रान बघावं. आपल्या घरची लेक रस्त्यावर भाकऱ्या थापणार नाही."

आपलं नाव आलं तसे हे खाली बघत राहिले. मला काय वाटलं ते कसं सांगू? एवढी वर्षं ज्या बोलावण्याची वाट बघितली, ते दारात येऊन बसलं होतं. चुन्याचा वास मला तिथं कुकटपल्लीत आला. त्या क्षणी मी हो म्हणाले असते. पण वर्षा आतून आली आणि आजोबांना पाणी देत दारातल्या मैत्रिणीशी तेलुगूत काहीतरी बोलली, आणि अण्णांना ते कळलं नाही. मी म्हणाले, "दोन दिवस द्या."

ते दोन दिवस ते ओसरीत बसून होते. बोलले ते फक्त यूसुफभाईंशी. गावात मास्तरकी केलेल्या अण्णांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूत झालेलं. इतक्या वर्षांनी ती भाषा तोंडात आल्यावर त्यांचा आवाजच बदलला, तरुण झाला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आबिड्सला नेतीस का? माझं बोर्डिंग बघून येऊ."

आम्ही सिटी बसनं गेलो. अण्णा शिकायला असताना राहायचे त्या बोर्डिंगच्या अंगणात लिंब होता, शेजारी विहीर होती, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. अण्णा एका गल्लीत शिरायचे, थांबायचे, परत फिरायचे. दोन तास आम्ही हिंडलो. अखेर एका जुन्या घड्याळवाल्याला त्यांनी विचारलं. त्यानं काच डोळ्यावरून काढली आणि समोरच्या चार मजली इमारतीकडे बोट केलं. "वो तो कब का गिरा दिए, बडे साब."

अण्णा बराच वेळ त्या इमारतीकडे बघत उभे होते. खाली बुटांचं दुकान होतं. मग म्हणाले, "चल, चहा घेऊ." इराण्याकडं बसल्यावर बशीत चहा ओतला, पण प्यायले नाहीत.

"तुझ्या आईला मी चाळीस वर्षं त्या लिंबाच्या गोष्टी सांगतोय," ते म्हणाले. "मला वाटायचं, जाईन तेव्हा तो तिथंच असेल."

मी बशी त्यांच्याकडे सरकवली.

"तू गाव सोडून दहा वर्षं झाली. तू आठवतीस ते गाव आता मलाही दिसत नाही, सुमन. तुझ्या मैत्रिणी नांदायला गेल्या. दिलीपचं लग्न होईल, घर त्याचं होईल. खोल्यांना चुना मी माझ्यासाठीच देऊन घेतला होता. तू यावंस, म्हणजे मला बरं वाटलं असतं."

अण्णांनी माझ्याकडे असं काही मागितलं, ते पहिल्यांदाच. आणि मागता मागताच ते सोडूनही देत होते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. माझ्या नखांत अजून प्रायमर होता.

"मला यायचंय, अण्णा," मी म्हणाले. "पण आता नाही येणार."

त्यांनी मान डोलावली आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोट काढून ठेवून त्यांनी ब्रश मागितला. यूसुफभाई खुर्चीतून सांगत होते, "वपर से नीचे, गुरुजी, एकीच हात में." अण्णांनी कारवानची मागची पूर्ण बाजू रंगवली, मोतिया आणि हिरवा. रंगाचे ओघळ आले होते, ते आम्ही पुन्हा पुसले नाहीत. गाडीवरचं नाव तेलुगूतच लिहायचं, हेही तेच म्हणाले. "खाणाऱ्याला वाचता आलं पाहिजे." संध्याकाळच्या गाडीनं ते निघून गेले. खिडकीशी या वेळी मी उभी होते.

कारवान चालली. आधी कारखान्यातले जुने सोबती, मग रिक्षावाले, पुढं कॉम्प्युटरच्या क्लासला येणारी पोरं. वर्षा शिकली. आता हैदराबादेतच हिमायतनगरला तिचं दुकान आहे, काउंटरवर ती चार भाषा बोलते, पण माझं हे मराठी लिखाण तिला वाचून दाखवावं लागेल. अण्णा पुन्हा आले नाहीत. चुना दिलेल्या खोल्यांत आईनं धान्य ठेवलं. प्रत्येक उन्हाळ्यात मात्र तिचा येसर यायचा, ती असेपर्यंत.

तेव्हा भाची, तुझ्या प्रश्नाचं उत्तर सोपं नाही. मी आले नाही याचं मला वाईट वाटतं आणि आले असते तरी वाटलंच असतं. तू जाशील तिथं कदाचित तुला करमेल, कदाचित नाही.

अण्णांचे दिवस झाल्यावर मी उदगीरहून निघाले, तो दिवस सांगते. दिलीप रानात गेला होता, वहिनी शाळेत. पिशवी उचलली, उंबऱ्याशी आले आणि सवयीनं "येते" म्हणाले. आई आधीच गेलेली, घरात ऐकायला कुणी नव्हतं. मी कडी लावून निघाले. दुपारी कुकटपल्लीला उतरले तर हे स्टॉपवर उभे होते, बाहीला ज्वारीचं पीठ लागलेलं. माझ्या हातातली पिशवी घेत त्यांनी विचारलं, "आलीस?"

"आले," मी म्हणाले. आणि मग रस्ताभर, ह्यांच्या पाठोपाठ चालत, रडले.