दृष्ट काढली आणि खाऊन टाकली

मागच्या मंगळवारची गोष्ट. बुधवारी सकाळी उपाशीपोटी आमच्या कंपू भागातल्या हॉस्पिटलात हजर व्हायचं होतं… छातीतली गाठ काढायची होती. डॉक्टर म्हणाले, "छोटासा ऑपरेशन है, आंटीजी." छोटासा म्हणे! गाठ त्यांच्या छातीत थोडीच होती.

मी तशी कुणाला घाबरणारी बाई नाही, दाना ओलीच्या बाजारातल्या कुठल्याही भाजीवाल्याला विचारा. पण त्या संध्याकाळी बॅगेत साडी समजून पलंगावरची चादर भरली मी. सुनेने ती गुपचूप काढून ठेवली.

माझी नात रेवा, वय वर्षं पाच. तिला एवढंच सांगितलं होतं की आजी एक दिवस डॉक्टरकडे राहणार. ती माझ्याजवळ झोपते, आणि झोपण्याआधी मी रोज तिची दृष्ट काढते. मीठमोहरी मुठीत घेऊन तिच्यावरून ओवाळायची, "आल्यागेल्याची, घरच्यादारची…" म्हणायचं आणि तापल्या तव्यावर टाकायची. मोहरी तडतडली की ही टाळ्या पिटते.

त्या दिवशी मी मीठ आणायला उठले, तर बाईसाहेब पलंगावर उभ्या. "आजी, आज मी काढणार. तू चुप बस!"

मीठमोहरी वरच्या फळीवर, हिचा हात पोचेना. म्हणून मूठभर शेव घेऊन आली… आणि सुरू! "डॉक्टर अंकलची दृष्ट, सुईची दृष्ट, कडवी दवाईची दृष्ट, छतवाल्या बंदराची दृष्ट…" गच्चीवरचं माकडही सोडलं नाही! निम्मी शेव माझ्या केसांत. हसू येत होतं, पण हिला सुईचं कुणी सांगितलं?

ओवाळून झालं. मी म्हटलं, "आण इकडे, तव्यावर टाकू." तर कार्टीने मूठ सरळ तोंडात कोंबली!

अहो, ओवाळून टाकलेलं कुणी खातं का? माझ्यावरचं सगळं हिच्या पोटात गेलं… "थुंक! थुंक आधी!" म्हणून ओरडले, तिच्या तोंडात बोट घातलं. एम.ए. झालेली मी, देवाला विनवायला लागले. देवा, काय व्हायचं ते मला होऊ दे, हिला नको… एवढंच मनात येत होतं.

तिने शांतपणे शेव गिळली. म्हणाली, "आजी, टेन्शन नको घेऊ ना. पेट में गई… सुबह शी में निकल जाएगी."

मग जे हसू फुटलं… पोट धरधरून हसलो दोघी. सून धावत आली, तिला वाटलं मी रडतेय. थोडी रडतही होतेच.

रेवा लगेच झोपली. मी मात्र तिच्या पोटावर हात ठेवून पडून राहिले… दुखत तर नाही ना हिचं, म्हणून.

दुसऱ्या दिवशी हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर पडले होते. नर्सने बांगड्या काढून घेतल्या, तेव्हा मात्र धीर सुटला. परत येईन ना मी घरी? तेवढ्यात मुलाने फोन कानाला लावला. घरून रेवा कान फाटेल इतकी ओरडत होती, "आजी! निकल गई! मी फ्लशपण केलं!"

"आंटीजी, हँस क्यों रही हैं?" नर्सने विचारलं. आता तिला काय कप्पाळ सांगणार!

गाठ निघाली, मी घरी आले. रिपोर्ट अजून यायचाय… भीती गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? देवघरात रोज हात जोडते. पण त्या दिवशी देव कुठे होता म्हणाल, तर माझ्या पलंगावर, गालात शेव भरून उभा होता.

आजच शेव आणून ठेवली आहे. बारीकवाली, तिला आवडते ती.